दोन खेळाडूंचं टेबलटॉप आर्केड: एकाच बाजूची बटणं वारंवार बंद पडत असतील तर

घरी बनवलेल्या दोन खेळाडूंच्या टेबलटॉप आर्केडमध्ये एक तक्रार फिरून फिरून येते. एका बाजूची बटणं किंवा जॉयस्टिक मध्येच दगा देते. पॅनेल उघडलं, वायरी हलवल्या, चालू झालं. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. अशी बरीच कॅबिनेटं उघडल्यावर माझं एक मत पक्कं झालंय, ते आधीच सांगतो. एन्कोडर बोर्ड, म्हणजे बटणांचे दाब संगणकाला कळवणारा छोटा सर्किट बोर्ड, क्वचित मरतो. दोष बहुतेक वेळा बटणापासून बोर्डापर्यंतच्या वायरीत, तिच्या टोकाच्या जोडात किंवा वीजपुरवठ्यात असतो. तरी लोक सगळ्यात आधी बोर्डच बदलतात आणि गंमत म्हणजे काही दिवस सगळं सुरळीत चालतं. कारण बोर्ड बदलताना प्रत्येक पिन काढून पुन्हा दाबून बसवली जाते, सैल जोड तात्पुरता घट्ट होतो आणि श्रेय नव्या बोर्डाला मिळतं.

दोन खेळाडूंच्या कॅबिनेटची एक मोठी सोय आहे. तुमच्याकडे जवळपास प्रत्येक भागाची चालती जोडी आहे. एक बाजू आजारी असेल तर दुसरी निरोगी बाजू हेच तुमचं तपासणीचं साधन. खालच्या बऱ्याच पायऱ्या म्हणजे एका वेळी एकच वस्तू इकडची तिकडे लावायची आणि दोष तिच्याबरोबर जातो की जागेवर राहतो एवढंच बघायचं. एका वेळी एकच, हे महत्त्वाचं. दोन वस्तू एकदम बदलल्या तर दोष गेला तरी तो कुठे होता ते कळत नाही, आणि मग तो परत येतो.

आधी लक्षण नीट ओळखा

"चालत नाही" एवढ्यावर काही हाती लागत नाही. नेमकं काय चालत नाही, केव्हा चालत नाही, हे कागदावर लिहा. लक्षणावरून शोध कुठून सुरू करायचा ते ठरतं.

एकच बटण मेलंय, बाकी सगळी ठणठणीत: त्या बटणाचा स्विच, त्याची वायर किंवा लग (वायरीच्या टोकाची, स्विचच्या पातीवर बसणारी धातूची टोपी).

एका बटणापासून पुढची सगळी बटणं एकदम मेली: ग्राउंडची (सगळ्या बटणांना सामाईक असलेल्या परतीच्या वायरीची) साखळी तिथे तुटलीय. हे लक्षण इतकं बोलकं असतं की बाकी काही तपासायची गरज पडत नाही.

चारही दिशा गेल्या पण बटणं चालू: जॉयस्टिकची सामाईक वायर, तिचा पाच पिनांचा कनेक्टर किंवा बोर्डाचा मोड बदललेला.

एक दिशा किंवा एक बटण आपोआप दाबलेलं राहतं: अडकलेला मायक्रोस्विच (बटणाखालचा किंवा काठीखालचा टिचकणारा छोटा स्विच), चुकीच्या टोकाला लावलेली वायर किंवा दोन लग एकमेकांना टेकलेले.

एका खेळाडूचं सगळंच जातं आणि क्षणभरात परत येतं: यूएसबी केबल किंवा वीज.

सुरू केल्यावर खेळाडू एक आणि दोन यांची अदलाबदल झालेली: हा बिघाडच नाही, क्रमाचा घोळ आहे.

एकटा खेळताना सगळं ठीक, दोघं खेळायला लागले की बटणं गिळली जातात: जुन्या कीबोर्डचा बोर्ड काढून वापरला असेल किंवा मॅट्रिक्स पद्धतीने (आडव्या-उभ्या वायरींच्या सामाईक जाळीत) वायरिंग केलं असेल तर दोष त्या रचनेत आहे. नसेल तर वीज तपासा.

एका दाबाला दोन दाब नोंदवले जातात किंवा बटण धरून ठेवलं तरी मध्येच सुटतं: स्विचचे संपर्क खराब.

पॅनेल न उघडता, खर्च न करता

पहिली तपासणी खेळात करू नका. खेळ हा वाईट परीक्षक असतो. एखाद्या खेळात ते बटण वापरातच नसेल, एखाद्याची स्वतंत्र सेटिंग बिघडलेली असेल. त्यापेक्षा कंट्रोलरची चाचणी दाखवणारा पडदा उघडा. विंडोजवर गेम कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये तो मिळतो, लिनक्सवर जेएसटेस्ट (jstest) नावाचं साधन आहे. प्रत्येक बटण दाबून दिवा लागतो का ते बघा. मग प्रत्येक बटण दाबून धरा आणि बोटाने थोडं डावीकडे-उजवीकडे हलवा. धरलेल्या बटणाचा दिवा लुकलुकला तर जोड सैल आहे. चाचणीत सगळं व्यवस्थित आणि खेळातच गडबड असेल, तर वायरिंगला हातही लावू नका. त्या खेळाची किंवा एम्युलेटरची (जुने खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रामची) बटणजुळणी पुन्हा करा. इथेच बऱ्याच जणांचं काम संपतं.

दुसरी गोष्ट, संपूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. स्वस्तातल्या झिरो डिले प्रकारच्या एन्कोडरवर बटणांच्या जागांशेजारी टर्बो किंवा मोडसारख्या खास जागा असतात. वायरिंग करताना एखादं बटण चुकून तिथे लागलं, तर ते दाबल्यावर दुसरं बटण आपोआप धडाधड मारत सुटतं किंवा जॉयस्टिक डिजिटलवरून अ‍ॅनालॉगवर जाऊन मेल्यासारखी वाटते. वीज घालवून पुन्हा दिल्यावर हे बरं झालं तर कारण हेच समजा. पॅनेल उघडाल तेव्हा त्या जागेवरचं बटण काढून साध्या जागेवर लावा, नाहीतर दर वेळी कोणाचं तरी बोट तिथे पडणारच.

आता खेळाडूंची अदलाबदल. दोन्ही बाजूंना एकाच जातीचे दोन एन्कोडर असतील तर संगणकाच्या दृष्टीने ते हुबेहूब एकच असतात. अशा स्वस्त बोर्डांना सहसा स्वतःचा वेगळा क्रमांक नसतो. सुरू होताना जो आधी ओळखला जातो तो पहिला खेळाडू, आणि हा क्रम दर वेळी तोच राहील याची हमी नाही. उपाय सोपे आहेत. दोन्ही केबल कायम त्याच पोर्टांत ठेवा आणि त्या पोर्टांवर रंगीत चिकटपट्टी लावा. दोन्ही बोर्ड वीज देण्याआधीच जोडलेले असू द्या. ब्लूटूथचा जुना गेमपॅड जोडलेला राहिला असेल तर तो काढून टाका, कारण तो मध्येच एक जागा अडवतो आणि सगळे क्रमांक एकाने सरकतात. रेट्रोआर्च हा एम्युलेटर चालवणारा प्रोग्राम वापरत असाल तर इनपुटच्या सेटिंगमध्ये प्रत्येक पोर्टला कोणतं उपकरण द्यायचं ते हाताने निवडता येतं. एवढं करूनही क्रम उलटत राहिला तर एक बोर्ड वेगळ्या जातीचा लावा किंवा दोन्ही खेळाडू सांभाळणारा एकच बोर्ड घ्या. मला हा शेवटचा मार्ग सगळ्यात आवडतो. सेटिंगच्या फायलींशी झटापट करण्यात संध्याकाळ जाते.

यूएसबी आणि वीज

एका बाजूचं सगळंच जात असेल तर इथे नीट वेळ द्या. आधी दोन्ही एन्कोडरच्या केबल पोर्टांत एकमेकांच्या जागी लावा. दोष त्याच बाजूला राहिला तर पोर्ट निर्दोष. मग केबलच बदला: निरोगी बाजूची केबल आजारी बोर्डाला. दोष केबलबरोबर दुसरीकडे गेला तर गुन्हेगार सापडला. टेबलटॉप कॅबिनेट लहान असतं, त्यामुळे लांब केबल गुंडाळी करून कोपऱ्यात कोंबलेली असते आणि प्लगच्या मुळाशीच तिला तीव्र वाक बसतो. आतली तार तिथेच तुटते, बाहेरून काही दिसत नाही. अशी केबल हलवली की चालू, सोडली की बंद.

वीज कमी पडण्याचं लक्षण फसवं असतं. कॅबिनेट सुरू होतं, मेनू चालतो, एकट्याने खेळलं तरी काही बिघडत नाही. दोघं खेळायला बसले, आवाज वाढवला, बटणांतले दिवे लागले की एक एन्कोडर गळतो. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरत असाल तर पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह येतं का ते बघा. पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ते उमटतं. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपचा पुरवठा लागतो आणि त्याच्या सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपच उपलब्ध असतात. पाय ५ ला ३ अँपचा जुना पुरवठा लावला तर तो यूएसबीसाठी एकूण ६०० मिलिअँपची मर्यादा घालतो. पूर्ण ताकदीसाठी त्याला ५ अँपचा पुरवठा हवा. मोबाइलचा चार्जर "चालतो की" म्हणून लावलेला असतो, पण त्याची बारीक केबल ताण आला की व्होल्टेज पाडते. लिनक्सवर डीमेसेजचा (dmesg) लॉग, म्हणजे सिस्टिमची नोंदवही, उघडला आणि खेळताना यूएसबी उपकरण सुटून पुन्हा जोडल्याच्या नोंदी दिसल्या, तर बटणांच्या वायरींना दोष देणं थांबवा.

इथेच दिव्यांची चाचणी करून घ्या. दिव्याच्या प्रत्येक बटणाला साधारण २० मिलिअँप धरले तर दोन्ही बाजूंची मिळून सोळा बटणं ३२० मिलिअँप खातात, आणि ते सगळे एन्कोडरच्या यूएसबीतूनच ओढले जात असतात. पॅनेल उघडल्यावर दिव्यांच्या वायरी तात्पुरत्या काढून ठेवा आणि थोडा वेळ दोघांनी खेळून बघा. दोष गेला तर दिव्यांना स्वतंत्र ५ व्होल्टचा पुरवठा द्या. दिवे १२ व्होल्टचे असतील तर ते एन्कोडरवर कधीच लावू नका.

पॅनेल उघडल्यावर

कॅबिनेटची वीज पूर्ण बंद करा, प्लग भिंतीतून काढा, मगच पॅनेल उचला. काही हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, जवळून आणि लांबून. वायरींचा गुंता एकदा विस्कटला की कोणती कुठली होती हे आठवत नाही.

मग नुसतं बघा. निसटलेला लग, एकमेकांना टेकलेले दोन लग, पॅनेलच्या कडेला चिमटली गेलेली वायर, बोर्डाच्या तळाला टेकलेला स्क्रू. डोळ्यांना बराच दोष दिसतो, फक्त घाई करू नका. त्यानंतर प्रत्येक लग दोन बोटांत धरून हलकेच ओढा. नीट बसलेला लग हलत नाही. जो सहज निघून आला तो संशयित, भले त्याचं बटण आत्ता चालत असो.

लगच्या मापाची चूक फार आढळते. छोट्या जपानी पद्धतीच्या बटणांची पाती बहुधा २.८ मिलिमीटरची असते, मोठ्या मायक्रोस्विचची ४.८ मिलिमीटरची आणि काही स्विचना ६.३ मिलिमीटरचीही. ४.८ चा लग २.८ च्या पातीवर बसल्यासारखा वाटतो, विजेचा संपर्कही होतो, पण तो तिथे नुसता लटकलेला असतो. एखाद्या जोशात आलेल्या खेळाडूने बटणावर हात आपटला की सुटतो. असा लग पकडीने चेपून घट्ट करण्याची युक्ती योग्य मापाच्या लगला लागू पडते. चुकीच्या मापाचा लग चेपला तर तो एका कोपऱ्यावर टेकून राहतो आणि दोष आणखी लपतो. कापून योग्य मापाचा लावा. क्रिम्प करताना, म्हणजे लग वायरीवर चेपून बसवताना, तांब्याच्या तारेऐवजी प्लास्टिकचं आवरणच चेपलं गेलंय का, तेही बघा. तशी जोडणी बाहेरून सुबक दिसते आणि आत नुसत्या स्पर्शावर चालते.

आता माझी आवडती चाचणी. फक्त ही आणि बटणांच्या अदलाबदलीची चाचणी करण्यापुरती वीज पुन्हा द्या, बाकी सगळी कामं वीज बंद ठेवून. त्याआधी एक खात्री करून घ्या: कॅबिनेटमध्ये थेट घरच्या विजेचा पुरवठा उघडा असेल तर ही चाचणी करू नका, त्याबद्दल खाली लिहिलंय. एन्कोडरच्या बटणाच्या वायरींत ३.३ किंवा ५ व्होल्टच असतात आणि प्रवाह अगदी नगण्य. मेलेल्या बटणाचे दोन्ही लग काढा आणि ते एकमेकांना टेकवा. पडद्यावर बटण दाबल्याची नोंद झाली? मग वायर आणि बोर्ड ठीक, स्विच खराब. नोंद नाही झाली? स्विच निर्दोष ठरला असं नाही, पण आधी वायर आणि बोर्ड शोधायचे. सावधान: दिव्याच्या बटणाला चार वायरी असतात, त्यांतल्या दोन दिव्याच्या. त्या एकमेकांना टेकवल्या तर ५ व्होल्ट थेट ग्राउंडला जाऊन बोर्ड किंवा पोर्ट जळू शकतो. कोणत्या दोन स्विचच्या हे नक्की कळत नसेल तर ही चाचणी सोडून द्या.

नोंद झाली नाही तर बोर्डावर शेजारच्या चालत्या बटणाचा कनेक्टर काढून तिथे मेलेल्या बटणाचा लावा. ते चालू लागलं तर बोर्डावरची जुनी जागा खराब आहे. न वापरलेल्या दुसऱ्या जागेवर ते बटण लावा आणि सॉफ्टवेअरमध्ये जुळवून घ्या. एक जागा मेली म्हणून बोर्ड टाकायची गरज नाही. नव्या जागेवरही मेलंच राहिलं तर दोष वायरीत. मल्टिमीटर असेल तर वीज बंद करून कंटिन्यूइटीवर (वायर सलग असेल तर बीप देणाऱ्या जागी) ठेवा, एक टोक लगला, दुसरं कनेक्टरच्या पिनला, आणि वायर हलवत राहा. बीप मध्येच तुटला तर वायर तिथे मोडलीय.

ग्राउंडची साखळी

झिरो डिले बोर्डात प्रत्येक बटणाला स्वतःची दोन वायरींची जोडी येते, त्यांना हा भाग लागू नाही. पण कीबोर्डसारखा एन्कोडर, पिको किंवा आर्डुइनोसारखा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड वापरून केलेल्या कॅबिनेटात एकच ग्राउंड वायर एका बटणावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर उड्या मारत जाते. वायर वाचते, पण एक कडी निसटली की पुढची सगळी बटणं जातात. मेलेल्या बटणांपैकी बोर्डाला सगळ्यात जवळचं कोणतं ते शोधा; दोष त्याच्या आणि त्याआधीच्या चालत्या बटणाच्या मधल्या तुकड्यात आहे.

दुरुस्त करताना आणखी एक काम करा. साखळीच्या शेवटच्या बटणापासून एक वायर परत बोर्डाच्या ग्राउंडला आणा. साखळीची अंगठी झाली की एका ठिकाणी तुटलं तरी दुसऱ्या बाजूने ग्राउंड पोचत राहतो. ही एक वायर टाकल्यावर "अर्धं पॅनेल मेलं" ही तक्रार जवळपास संपते. दोन्ही खेळाडूंची ग्राउंड साखळी एकच असेल तर ती वेगळी करा. निदान एकाच्या बिघाडाने दुसरा तरी बसून राहणार नाही.

स्विच आणि जॉयस्टिक

तीन टोकांच्या मायक्रोस्विचवर कॉमन, नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्ड अशी टोकं असतात. वायरी कॉमन आणि नॉर्मली ओपनला हव्यात. नॉर्मली क्लोज्डला लागली तर बटण कायम दाबलेलं दिसतं आणि दाबल्यावर सुटतं. दुरुस्तीनंतर नव्याने आलेली "आपोआप पळतो" ही तक्रार बहुतेक वेळा हीच असते.

स्विच जुना होऊन दगा देतो त्याचं एक कारण फारसं कुणी सांगत नाही. बऱ्याच मायक्रोस्विचवर २५० व्होल्ट आणि ५ किंवा १० अँप असं छापलेलं असतं. वाचायला भारदस्त वाटतं, पण असे स्विच मोठ्या प्रवाहासाठी केलेले असतात. त्यांच्या चांदीच्या संपर्कांवर कालांतराने जी पातळ काळपट पुटं चढतात ती मोठ्या प्रवाहाच्या ठिणगीने जळून साफ होतात. आपल्या एन्कोडरमध्ये १० किलोओहमचा पुल-अप (बटण सुटलेलं असताना वायरीवर व्होल्टेज टिकवणारा रेझिस्टर) आणि ३.३ व्होल्ट असतील तर प्रवाह जेमतेम ०.३३ मिलिअँप. तेवढ्याने पुट फुटत नाही, आणि बटण दाबूनही कधी नोंद होते, कधी नाही. म्हणून कॅबिनेट बरेच दिवस बंद ठेवून उघडल्यावर पहिले काही दाब वाया जातात. कमी प्रवाहासाठी केलेले, सोन्याचा मुलामा दिलेल्या संपर्कांचे स्विच घ्या. मायक्रोस्विच उघडून आतले संपर्क घासण्याच्या फंदात मी पडत नाही. आतली पत्ती एवढीशी असते, उडाली की सापडत नाही, आणि नवा स्विच त्या त्रासापेक्षा स्वस्त पडतो. वंगणाचे फवारे तर स्विचमध्ये मुळीच मारू नका. तेलावर धूळ बसते.

जॉयस्टिकमध्ये एक गोष्ट आधी समजून घ्या. काठी मध्यावर टेकलेली असते, त्यामुळे काठी वर ढकलली की तिचं खालचं टोक उलट दिशेला जातं आणि खालच्या बाजूचा स्विच दाबला जातो. म्हणजे "वर" ही दिशा खालच्या स्विचवर असते. "वर" चालत नाही म्हणून वरचा स्विच बदलणारे आणि तरी काही फरक पडत नाही म्हणून वैतागणारे पुष्कळ. खालून बघत काठी हलवा आणि कोणता स्विच टिचकतोय ते डोळ्यांनी बघून मगच त्याच्या वायरीला हात लावा. स्विचची टिकटिक ऐकू येते पण नोंद नाही, तर विद्युत दोष. टिकटिकच नाही, तर स्प्रिंग, काठीखालचा स्विच दाबणारा अ‍ॅक्च्युएटर किंवा स्विचची पत्ती बघा.

तिरप्या दिशा लागत नसतील तर वायरिंगआधी काठीखालची मर्यादापट्टी तपासा. ती चार दिशांवर फिरवलेली असेल तर तिरपं जाणारच नाही. भुलभुलैयाच्या जुन्या खेळांना ती तशीच हवी असते, मारामारीच्या खेळांना आठ दिशा लागतात.

सुट्या स्विचची काठी असेल तर निरोगी बाजूचा एक स्विच काढून इकडे लावून बघा. सगळे स्विच एकाच पट्टीवर असलेली काठी असेल तर दोन्ही काठ्यांचे पाच पिनांचे कनेक्टर एकमेकांच्या बोर्डांना लावा. दोष कोणाबरोबर जातो ते लगेच कळतं.

दोघं खेळतानाच बिघडतं

जुन्या कीबोर्डचा बोर्ड वापरून बनवलेल्या कॅबिनेटचा हा जन्मदोष. कीबोर्डात कळा आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीत असतात. त्या जाळीतल्या एका चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या की चौथ्या कोपऱ्यावरची न दाबलेली कळही दाबल्यासारखी दिसते. म्हणून बहुतेक कीबोर्ड तिसरी कळ सरळ नाकारतात. शिवाय साधा यूएसबी कीबोर्ड एका वेळी सहाच कळा कळवतो, शिफ्ट आणि कंट्रोलसारख्या सोडून. दोन माणसं खेळताना ही मर्यादा सहज ओलांडली जाते. वायरी कितीही तपासल्या तरी यावर इलाज नाही. स्वतः मॅट्रिक्स केलं असेल तर प्रत्येक स्विचला १एन४१४८ सारखा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावून ते सुटतं. जुन्या कीबोर्डचा बोर्ड असेल तर तो काढून टाका. बोर्ड बदला असं मी क्वचितच म्हणतो, पण इथे म्हणतो.

बोर्डाची पाळी

इथपर्यंत येऊनही काही सापडलं नाही, तर आता बोर्डांची अदलाबदल. फक्त बोर्ड, केबल तीच. दोष बोर्डाबरोबर गेला तर तो बोर्ड खराब. टाकून देण्याआधी कनेक्टरच्या मुळाशी असलेले सोल्डरचे डाग (जोड) भिंगाखाली बघा. यूएसबी सॉकेटच्या पायांशी बारीक भेग असते, सोल्डरिंगचा हात असेल तर एक गरम स्पर्श पुरतो. बोर्ड लाकडावर थेट स्क्रूने आवळलेला असेल तर खाली प्लास्टिकचे ठोकळे घाला, म्हणजे पुढे वाकून डाग फुटणार नाहीत.

पुन्हा उद्भवू नये म्हणून

दोष काढला आणि कारण तसंच ठेवलं तर तो परत येणारच. टेबलटॉपमध्ये मुख्य कारण ओढ असते. पॅनेल बिजागरीवर उघडतं आणि वायरी इतक्या आखूड कापलेल्या असतात की पॅनेल उघडलं की त्या ताणल्या जातात. प्रत्येक तपासणीच पुढचा बिघाड पेरते. पॅनेल पूर्ण उघडूनही वायर सैल राहील एवढी लांबी ठेवा आणि बिजागरीजवळ वायरींचा जुडगा एका क्लिपने लाकडाला बांधा, म्हणजे ताण क्लिपवर येईल, लगवर नाही. एकसंध तारेची वायर हादऱ्यांनी मोडते. बारीक तारांची, साधारण २२ गेजची वायर वापरा.

दुसरं कारण पॅनेलची जाडी. टचकन बसणारी बटणं पातळ पत्र्यासाठी असतात. जाड एमडीएफमध्ये त्यांचे कान पकड घेत नाहीत, बटण प्रत्येक दाबाला किंचित फिरतं आणि महिन्याभरात लग सुटतो. जाड पॅनेलला मागून नट आवळायची बटणं घ्या, किंवा भोकाभोवतीचं लाकूड मागून कोरून पातळ करा.

इथे थांबा

कॅबिनेटमध्ये घरच्या विजेचा पुरवठा उघडा असेल, म्हणजे पत्र्याच्या जाळीचा पॉवर सप्लाय ज्याची स्क्रूची टोकं झाकलेली नाहीत, तर बटणं तपासतानाही वीज देऊ नका. त्या टोकांशी काम इलेक्ट्रिशियनचं. धातूच्या पॅनेलला किंवा जॉयस्टिकच्या दांडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, जळका वास येत असेल, पुरवठा हाताला चटका बसण्याइतका तापत असेल किंवा फ्यूज बदलल्यावर पुन्हा उडत असेल, तर प्लग काढा आणि पुढचं स्वतः करू नका. मोठा फ्यूज टाकून बघणं तर नाहीच.

जुना काचेच्या नळीचा मॉनिटर वापरला असेल तर त्याचा मागचा भाग कधीच उघडू नका. त्या नळीत हजारो व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यानंतरही ते टिकून राहतात. एलसीडी मॉनिटरच्या आतल्या पॉवर बोर्डातही तोच धोका छोट्या प्रमाणात असतो. बटणांचा दोष मॉनिटरमध्ये नसतोच, त्यामुळे ते उघडायचं कारणही नाही. बॅटरीवर चालणारं कॅबिनेट असेल आणि बॅटरी फुगलेली दिसली, तर तिला टोचू नका, चार्ज करू नका. बाहेर मोकळ्या जागी, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि बॅटरी हाताळणाऱ्याकडे द्या.

तज्ज्ञाला बोलवाल तेव्हा लक्षणांचा तो कागद आणि उघडण्याआधीचे फोटो समोर ठेवा. काय काय बदलून पाहिलं आणि दोष कशाबरोबर हलला, हेही सांगा. म्हणजे तो ते सगळं पुन्हा करत बसणार नाही.